आरोग्याच्या शिडीतली मधली पायरी कुणी काढली?

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात पाय ठेवायला जागा नसते. आदल्या रात्री बारापासूनच बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे रांग लागते. चौकाला ज्याचे नाव पडले ते इर्विन हॉस्पिटल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, तिथेच आहे. व्हॉइसरॉय आयर्विन जाऊन जमाना झाला, पण वऱ्हाडातला माणूस अजूनही 'इर्विनमध्ये भरती केलं' असेच म्हणतो. आम्ही दरवर्षी त्या गर्दीत असतो आणि दरवर्षी एक प्रश्न आमच्या मनात येतो. या दवाखान्यात आमची माणसे आहेत कुठे? फरशी पुसणाऱ्या मावश्यांमध्ये आहेत, स्ट्रेचर ओढणाऱ्यांमध्ये आहेत, कंत्राटी सफाईत तर आहेतच. सिस्टरांमध्ये बऱ्यापैकी दिसतात. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या पाट्यांवर आपली आडनावे आता कुठे दिसू लागली आहेत. ही उतरंड कोणी आखली, कधी आखली, याचा इतिहास आपल्या तरुणांना सांगितला जात नाही. तो सांगण्याची वेळ आली आहे, कारण सध्या डॉक्टर वाढवण्याची मोठी घाई चालली आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन केले. त्यात आपल्या भागातली तीन आहेत: अमरावती, बुलढाणा आणि वाशीम. देशात २०१४ पूर्वी एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, आज त्या लाखाच्या पुढे गेल्या आहेत. आम्ही याचे स्वागतच करतो. अमरावतीच्या पोराला सरकारी फीमध्ये आपल्याच गावात डॉक्टर होता यावे यासाठी स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे वाट पाहावी लागली, हे विसरून कसे चालेल? पण जागा मोजून टाळ्या वाजवणाऱ्यांना आमचा सवाल आहे की या देशात आरोग्याचे मनुष्यबळ जेव्हा जेव्हा वाढवले गेले, तेव्हा ते दोन वेगळ्या दारांनी वाढवले गेले. एक दार पदवीचे. दुसरे दार चार-सहा आठवड्यांच्या 'ट्रेनिंग'चे आणि मानधनाचे. पहिल्या दारातून कोण गेले आणि दुसऱ्या दाराशी कोणाला उभे केले, हे तपासले की सगळा हिशोब समोर येतो.

सुरुवात सुईणीपासून करावी लागेल. बाळंतपण हा विटाळ, नाळ कापणे हा त्याहून मोठा विटाळ. म्हणून हे काम गावाने बहुतेक ठिकाणी अस्पृश्य बायांच्या माथी मारले. बाळंतिणीच्या खोलीत तिला आत घ्यायचे, कारण तिच्याशिवाय जीव वाचत नाही. आणि बाराव्या दिवशी तिच्याच सावलीपासून दूर राहायचे. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी, एखादे जुनेर. या देशातली पहिली आरोग्यसेविका ही आमची आजी होती, पण तिच्या हातातल्या ज्ञानाला विद्या म्हणायला कोणी तयार नव्हते. उत्तर प्रदेशात 'नारा-मवेशी' आंदोलनात दलित बायांनी नाळ कापण्याचे आणि पुरुषांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले, ते या अपमानामुळेच.

इंग्रजांचे लक्ष या खोलीकडे उशिरा गेले. १८८५ मध्ये लेडी डफरीनच्या नावाचा निधी उभा राहिला, बायांसाठी बाई डॉक्टर आणि बायांचे दवाखाने काढण्यासाठी. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही नावे त्याच काळाची आठवण आहेत. आजही अकोल्यात बाळंतपणाला निघालेली बाई 'लेडी हार्डिंगला चालली' असे सांगून रिक्षात बसते. १९०३ मध्ये लेडी कर्झनने दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी काढला. दाईला स्वच्छता शिकवायची, कात्री उकळायला शिकवायची. चांगलेच होते ते. मात्र शिकलेली दाई पुढे काय होणार, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. ती दाईच राहणार होती. दुसऱ्या दाराची ही पहिली सरकारी चौकट, आणि आज सव्वाशे वर्षांनीही ती तशीच उभी आहे.

पहिल्या दाराचे काय? वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. पदवीचे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे तर मुंबई गाठावी लागे. १९१४ मध्ये नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तिथे पदवी नव्हती, लायसेन्शिएट म्हणजे एलएमपी डॉक्टर तयार होत. अभ्यासक्रम कमी वर्षांचा, खर्च कमी, प्रवेशाची अट हलकी. जुन्या माणसांना तालुक्याच्या गावातला 'एलएमपी डॉक्टर' अजून आठवतो. सायकलवर येणारा, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून औषध देणारा.

हा एलएमपी किती महत्त्वाचा होता हे भोर समितीच्या आकड्यांवरून कळते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा म्हणून तो आजही सांगितला जातो. त्या वेळी देशात नोंदणीकृत डॉक्टर होते ४७,५२४. त्यातले २९,८७० एलएमपी होते आणि पदवीधर फक्त १७,६५४. म्हणजे दर पाच डॉक्टरांमागे तीन एलएमपी. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका अशी स्थिती होती. अशा देशात समितीने सुचवले काय? एलएमपीचे शिक्षण बंद करा, यापुढे एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' हवा आणि तो पदवीधरच हवा. समितीतल्या काही सदस्यांनी आपले वेगळे मत नोंदवले होते, पण बहुमताचे चालले. देशभर मेडिकल स्कुले बंद पडत गेली किंवा कॉलेजे झाली. १९४७ मध्ये नागपूरच्या शाळेचेही मेडिकल कॉलेज झाले.

इथे आम्हाला थांबून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एलएमपीचे दिवस म्हणजे आपल्यासाठी सुवर्णयुग होते असे कोणी समजू नये. मॅट्रिकपर्यंत पोहोचणारी आपली मुलेच तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती, मग रॉबर्टसनच्या बाकावर ती दिसणार कुठून? दुसरे असे की भोर समितीच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला जास्त शिकलेला, हा भेद तिला मोडायचा होता. पण परिणाम काय झाला ते पाहा. आपली पहिली पिढी मॅट्रिक होऊन बाहेर पडू लागली, नेमकी तेव्हाच मधली पायरी काढून घेतली गेली. वर साडेचार-पाच वर्षांची महागडी पदवी, खाली दाईचे प्रशिक्षण. तीच समिती एकीकडे म्हणत होती की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा आणि दुसरीकडे सुचवत होती की सुशिक्षित प्रसाविका पुरेशा होईपर्यंत दायांना शिकवून काम भागवावे. दर्जाचा आग्रह पहिल्या दारापुरता होता.

गंमत अशी की जे आधीच एलएमपी झाले होते, त्यांच्यासाठी वर जाण्याची सोय मात्र झाली. काही कॉलेजांत त्यांना कमी मुदतीचा 'कंडेन्स्ड एमबीबीएस' करून पदवीधर होता आले. म्हणजे काम करता करता, आधीचे शिक्षण वजा धरून, माणूस वरच्या पायरीवर चढू शकतो हे या देशाने १९४० आणि ५० च्या दशकांतच मान्य केले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच काळात बाबासाहेब दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न हाताळत होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हॉइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे जे निवेदन दिले, त्यात शिक्षणाबद्दलचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. कला आणि कायद्याचे पदवीधर वाढून समाजाला फार बळ मिळणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षणात आपली मुले गेली पाहिजेत, आणि तो खर्च आपल्या आईबापांना झेपणारा नसल्याने सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद केली. आजच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा उगम तो आहे. आपल्यातला जो कोणी आज डॉक्टर आहे, त्याच्या फीच्या पावतीचा इतिहास या निवेदनापाशी जातो.

याच १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली आणि तिला जोडून २० जुलैला महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. संततिनियमनाचा विषय त्यांनी त्या व्यासपीठावरून मांडला. उच्चवर्णीय घरांतही ज्या विषयावर कुजबुजत बोलत, तो आपल्या बाया हजारोंच्या सभेत बोलत होत्या. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या रजेचा ठरावही तिथे झाला. आरोग्य हा आपल्या चळवळीचा विषय कधी नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. ज्या अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी परिषद झाली, त्याच अमरावतीची ही बाई पंधरा वर्षांत मंदिराच्या दारापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचली होती.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या दारावरचा पहिला मोठा हल्ला कुठे झाला? मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरच. मद्रासच्या चंपकम दोराईराजन यांनी जातवार जागावाटपाला आव्हान दिले आणि एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. यातला तपशील पुन्हा पुन्हा सांगायला हवा: या बाईंनी मेडिकलला अर्जच केलेला नव्हता. न भरलेल्या अर्जावर साऱ्या देशाचे आरक्षण पणाला लागले. तेव्हा कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी संसदेत पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू लढवली आणि कलम १५(४) आले. मेडिकलच्या राखीव जागा त्या कलमावर उभ्या आहेत.

पण जागा राखीव असून कॉलेजच नसेल तर? वऱ्हाडाचा हिशोब मांडू. नागपूरचे कॉलेज १९४७ चे. अमरावतीत १९८४ मध्ये शिवाजी शिक्षण संस्थेने डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय काढले. ते खासगी. यवतमाळला सरकारी कॉलेज १९८९ मध्ये आले, अकोल्याला २००२ मध्ये. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात खामगाव, बाळापूर, वाशीमहून रुग्ण वर्षानुवर्षे येत होते, मात्र त्यांना तपासायला शिकणारी पोरे तिथे यायला स्वातंत्र्यानंतर ५५ वर्षे लागली. १९८५ पासून राज्यात ७०:३० चा प्रादेशिक नियम होता. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. मराठवाड्यातल्या मुलांवर त्या नियमाने अन्याय होत होता ही त्यांची तक्रार खरी होती, कारण त्यांच्याकडे कॉलेजे कमी होती. त्यावर उपाय होता तिथे कॉलेजे काढणे. सरकारने स्वस्त उपाय निवडला. त्यात २०१६ पासून नीट सक्तीची झाली. लातूर, अकोला, नांदेडच्या क्लासची फी पाहिली की पहिल्या दाराला आता पहारेकरी कोण आहे हे वेगळे सांगायला नको.

दुसरे दार मात्र सताड उघडे होते. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आणली. हजार लोकसंख्येमागे एक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन. कल्पना वाईट नव्हती. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून दाखवून दिले होते की दलित आणि अडाणी ठरवलेल्या बाया गावाचे आरोग्य बदलू शकतात. पण सरकारी योजनेत बहुतेक ठिकाणी गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीतले पुरुष घुसले. नाव बदलत गेले, कार्यकर्ता, स्वयंसेवक, रक्षक, आणि पैसे आटत जाऊन योजना विझली.

मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आली. २५ ते ४५ वयाची, त्याच गावची सून किंवा विधवा, आठवी पास. पुन्हा 'स्वयंसेविका', पुन्हा कामावर आधारित मोबदला. आपल्या वस्त्यांतल्या किती बाया आशा आहेत ते वाचकांनी स्वतः मोजावे. कोरोनात घरोघर जाऊन ऑक्सिमीटर लावणाऱ्या याच होत्या. २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर जावे लागले, आझाद मैदानात बसावे लागले, तेव्हा राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली. वाढ हक्काची आहे. पण संपाच्या घोषणांत एक मागणी फारशी ऐकू आली नाही, आणि त्याचा दोष आम्ही स्वतःकडेही घेतो. आशाला नर्स होण्याचा रस्ता द्या, ही ती मागणी.

रस्ता का नाही ते बघा. आशा आठवी पासवर घेतली. एएनएमच्या प्रवेशाला बारावी लागते आणि वयाची कमाल मर्यादा ३५. ज्या बाईला तुम्ही चाळिशीपर्यंत आशा म्हणून भरती करता, तिला पस्तिशीत नर्सिंगचे दार बंद करता. तिने पंधरा वर्षांत केलेली लसीकरणे, जोखमीच्या बाळंतिणी ओळखून दवाखान्यात नेण्याचे काम, क्षयरोग्याला समोर बसवून दिलेल्या गोळ्या, यांची गोळाबेरीज शून्य. एएनएम झालेलीला जीएनएमकडे आणि पुढे पोस्ट बेसिक बीएस्सीकडे जाण्याची वाट कागदावर आहे. खालची पायरीच नाही.

मेळघाटात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. धारणी-चिखलदऱ्यात बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकात देशभर गाजला. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, मानसेवी डॉक्टर आले, पाडा स्वयंसेवक आले. २०१६ मध्ये हरिसाल देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून जाहीर झाले. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण बाहेरून येणाऱ्या त्यागी माणसावर एखाद्या प्रदेशाचे आरोग्य किती दशके चालवायचे? कोरकू बोलणारी, त्याच पाड्यात वाढलेली मुलगी नर्स व्हावी, पुढे डॉक्टर व्हावी यासाठी तीस वर्षांत शिडी बांधली असती तर बदलीच्या ऑर्डरला घाबरणाऱ्या डॉक्टरांची वाट पाहावी लागली नसती.

आता आपल्याच लोकांशी थोडे भांडण. तीन वर्षांच्या ग्रामीण डॉक्टरचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते तावातावाने म्हणतात, दुय्यम नागरिकांना दुय्यम डॉक्टर नको. आम्हीही एकेकाळी हेच बोललो आहोत. पण छत्तीसगडने २००१ मध्ये असा अभ्यासक्रम काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, काही तुकड्यांनंतर तो बंद पडला. त्यातून निघालेली मुले पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमली गेली, आणि त्यांच्या कामाचा अभ्यास झाला तेव्हा नेहमीच्या आजारांवर उपचार करण्यात ती एमबीबीएसच्या तोडीची निघाली. मग विरोध कशाला होता? आमचे आजचे मत असे आहे की अभ्यासक्रम तीन वर्षांचा असणे हा अपमान नाही. त्यानंतर माणूस तिथेच खिळला जाणे हा अपमान आहे. जन्माने मिळालेली पायरी सोडता येत नाही, यालाच बाबासाहेबांनी जिने नसलेला मनोरा म्हटले होते ना? एलएमपीला पदवीपर्यंत नेणारा जिना १९५० मध्ये बांधता येत होता, तर आशा ते एएनएम, एएनएम ते समुदाय आरोग्य अधिकारी हा आज का बांधता येत नाही? समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सहा महिन्यांचा कोर्स करून घेतात तो बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांना. तो जिना दुसऱ्या मजल्यापासून सुरू होतो.

जगात हे जमले आहे. इथिओपियाने २००३ नंतर तीस हजारांवर गावातल्या मुलींना वर्षभर शिकवून पगारी आरोग्यसेविका केले आणि पुढे त्यांनाच वरच्या डिप्लोमासाठी पाठवले. चीनने १९८५ मध्ये 'अनवाणी डॉक्टर' हे नाव मोडीत काढले, पण जे परीक्षा पास झाले त्यांना गावडॉक्टरचा दर्जा दिला. दोन्ही देश आपल्याहून फार न्यायी आहेत असा आमचा दावा नाही. पगार आणि बढती या दोन साध्या गोष्टी त्यांनी कागदावर लिहिल्या, इतकेच.

अमरावती, वाशीम, बुलढाण्याची नवी कॉलेजे उभी राहताना त्यांना जोडून नर्सिंगच्या जागा किती निघतात, त्यात आशांसाठी किती राखल्या जातात आणि वयाची अट शिथिल होते का, हे प्रश्न घेऊन जिल्हा परिषदेत आणि आपल्या आमदारांच्या दारात जायला हवे. शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही म्हणून कॉलेजने अडवलेली पोरे आपल्याकडे येतात, त्यांच्यासोबत आता या बायांचेही अर्ज असू द्या.

आमच्या वस्तीतल्या एक आशाताई आहेत. आठवीवर लग्न झाले, आशा झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, यंदा बारावीचा सतरा नंबर भरला आहे. संध्याकाळी पोरांचे जेवण झाले की त्या विहारातल्या ट्यूबलाइटखाली पुस्तक घेऊन बसतात, कारण घरात एकच खोली. त्यांचे वय आज चौतीस आहे. निकाल हातात येईल तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडलेली असेल.